एकोणीसशे वर्षांपूर्वीचं टपाल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

रोमन म्हटलं की आपल्याला आठवतो ज्युलियस सीझर, ब्रूटसचा खंजीर, आणि रोम जळत असताना फिडल वाजवत बसलेला नीरो. फिडल हे वाद्य त्या काळी नव्हतंच, पण म्हणी काही पुरावा मागत नाहीत. मला मात्र रोमन म्हटलं की पायमोजे आठवतात. पायमोजे, चपलांचे दोन जोड आणि आत घालायच्या दोन चड्ड्या. ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीवरच्या एका छावणीत कुणाला तरी हे सामान कुणीतरी पाठवलं आणि तशी चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची. तिचा बराच भाग गेला, मोज्यांचा उल्लेख तेवढा राहिला.

ही चिठ्ठी मी पहिल्यांदा पाहिली ती कुठल्या संग्रहालयात नव्हे, तर एका प्राथमिक शाळेच्या वर्गात, आठ वर्षांच्या मुलांच्या हातातल्या झेरॉक्सवर. आज मला त्या वर्गाविषयी बोलायचं आहे.

२००२ साली आम्ही इंग्लंडला गेलो. यजमान डॉक्टर. न्यूकॅसलच्या परिसरातल्या एका रुग्णालयात त्यांना नोकरी लागली होती. मी त्याआधी अकरा वर्षं रायगड जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते, बहुतेक काळ चौथीचा वर्ग. बरोबर आमचा मुलगा, मराठी शाळेतून दुसरी पास झालेला. इंग्रजीचं भांडवल म्हणजे एबीसीडी आणि 'माय नेम इज'.

पहिले तीन-चार महिने तो वर्गात एक अक्षर बोलला नाही. घरी तोंड बंद होत नसे आणि वर्गात उघडत नसे. तिथे मुलांना टेबलांभोवती गटानं बसवतात. गटांना रंगांची नावं असतात, पण कोणता रंग हुशारांचा आणि कोणता मागे पडलेल्यांचा, हे पहिल्याच दिवशी सगळ्या मुलांना कळतं. आमच्या मुलालाही कळलं, इंग्रजी येत नसताना कळलं. त्याला शेवटच्या टेबलावर बसवलं होतं. मी स्वतः शिक्षिका, त्यामुळे राग जरा जास्तच आला. आणि मग थोडी शरमही वाटली, कारण रंगांची नावं न देता हेच मी अकरा वर्षं करत आले होते.

घरी बसून चरफडण्यापेक्षा शाळेत जाऊन मी वाचनाला मदत करणारी पालक म्हणून नाव दिलं. आठवड्यातून दोन सकाळी वर्गाच्या कोपऱ्यात छोट्या खुर्चीवर बसायचं आणि एकेका मुलाकडून पुस्तक वाचून घ्यायचं. त्यामुळे बाकीचा वर्ग मला पाहायला मिळाला.

त्या वेळी इंग्लंडच्या प्राथमिक शाळांवर एका तासाचं राज्य होतं. 'लिटरसी अवर', म्हणजे साक्षरतेचा तास. सप्टेंबर १९९८ पासून सरकारनं तो आणला होता. रोज साठ मिनिटं, आणि तीही आखून दिलेली. पहिली पंधरा मिनिटं सगळ्या वर्गानं मिळून एक उतारा वाचायचा, पुढची पंधरा शब्दांवर आणि वाक्यांवर काम, मग वीस मिनिटं गटानं किंवा एकेकट्यानं, शेवटची दहा मिनिटं उजळणी. ११ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुलं २००२ पर्यंत अपेक्षित पातळीला पोचली पाहिजेत, असं उद्दिष्ट होतं. १९९८ मध्ये हा आकडा ६५ होता. २००० मध्ये तो ७५ वर गेला आणि तिथेच अडकला. २००२ मध्येही ७५च. आम्ही पोचलो त्याच ऑक्टोबरमध्ये शिक्षणमंत्री एस्टेल मॉरिस यांनी राजीनामा दिला. कारणं आणखीही होती, पण हुकलेला आकडा हे त्यांतलं एक होतं.

आता एकाला जागा द्यायची तर दुसऱ्या कुणाला तरी उठवावं लागतं. जानेवारी १९९८ मध्येच सरकारनं जाहीर केलं होतं की इतिहास, भूगोल, कला, संगीत वगैरे विषय शिकवायचे खरे, पण त्यांचा तपशीलवार अभ्यासक्रम पुरा करण्याची सक्ती तूर्त नाही. शाळेत 'सक्ती नाही' याचा अर्थ काय होतो, हे कुणा शिक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. चित्रकलेचा तास गणिताला देण्याची रीत आपल्याकडेही आहेच. त्या शाळेत इतिहास शुक्रवार दुपारच्या वाट्याला आला होता, म्हणजे मुलांचं चित्त घराकडे लागलेलं असतं त्या वेळेला.

तरीही रोमन टिकले. इ. स. ४३ मध्ये सम्राट क्लॉडियसच्या फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या आणि इ. स. ४१० च्या सुमारास तिथली रोमन सत्ता संपली. एवढ्या साडेतीनशे-पावणेचारशे वर्षांचा काळ त्या भूमीत जागोजाग पुरलेला आहे, शेतकऱ्याच्या नांगराला लागतो आहे. १९९१ पासून राष्ट्रीय अभ्यासक्रमात रोमन आहेत. २०१४ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमातही सात ते अकरा वयाच्या मुलांसाठी रोमन साम्राज्य आणि ब्रिटनवरचा त्याचा परिणाम हा विषय ठेवलेला आहे.

आमच्या मुलाच्या बाईंनी यातून वाट काढली. इतिहासाला वेळ नाही, पण साक्षरतेच्या तासाला उतारा तर रोज लागतोच ना? मग तो उताराच रोमन घ्यायचा. ही वाट त्यांच्या एकट्यांची नव्हती. अनेक शाळांत तेच चाललं होतं, आणि मे २००३ मध्ये आलेल्या नव्या प्राथमिक धोरणानं विषय एकमेकांत गुंफायला सरकारचीही संमती मिळाली. पण हे दोन तऱ्हांनी करता येतं. मी दोन्ही पाहिल्या.

पहिली तऱ्हा मी हिवाळ्यात पाहिली. फळ्यावर राणी बौडिकाविषयीचा उतारा. ही आइसेनी जमातीची राणी. नवरा वारल्यावर रोमन अधिकाऱ्यांनी तिचं राज्य गिळलं, तिला फटके मारले, तिच्या मुलींची विटंबना केली. इ. स. ६०-६१ मध्ये ती उठली. कोल्चेस्टर, लंडन, सेंट ऑल्बन्स तिनं जाळली आणि शेवटी हरली. मुलांच्या उताऱ्यात अर्थात एवढं नव्हतं. तिची उंची होती, तांबूस लांब केस होते, कडक आवाज होता. आणि खाली प्रश्न: विशेषणांना गोल करा. मुलांनी गोल केले. सात विशेषणं सापडली, राणी हरवली. घंटा झाली. मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. 'गाळलेल्या जागा भरा' करत करत मीही अफझलखानाचा वध कितीतरी वर्षं शिकवला होता.

दुसरी तऱ्हा ईस्टरच्या सुट्टीनंतर आली. ती म्हणजे ही पत्रं.

न्यूकॅसलपासून पश्चिमेला, हेड्रियनच्या भिंतीच्या जरा दक्षिणेला व्हिंडोलांडा नावाची जागा आहे. भिंतीचं काम इ. स. १२२ मध्ये सुरू झालं, त्याच्याही आधीपासून तिथे रोमन छावणी होती. एक छावणी मोडायची, तिच्यावर माती-गवत पसरायचं आणि वर नवी बांधायची, असं वारंवार झालं. खालचे थर ओले राहिले आणि त्यांत हवा शिरली नाही. त्यामुळे एरवी कुजून जाणाऱ्या वस्तू तिथे टिकल्या: चामडं, कापड, लाकूड. मार्च १९७३ मध्ये रॉबिन बर्ली या पुरातत्त्वज्ञांना खणताना लाकडाच्या पातळ चकत्या सापडल्या. एकमेकींना चिकटलेल्या दोन सोलून पाहिल्या तर आत शाईनं लिहिलेलं. काही वेळातच हवा लागून ते लिखाण काळवंडून गेलं. पुढे इन्फ्रारेड छायाचित्रांत ते पुन्हा दिसलं. पोस्टकार्डाएवढी, एक ते तीन मिलिमीटर जाडीची ही पत्रं, बर्च आणि आल्डरच्या लाकडाची. बहुतेक इ. स. ९० ते १२० या काळातली. आज त्यांतली बरीच ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

बाईंनी या पत्रांची छायाचित्रं मुलांना दिली आणि म्हणाल्या, वाचा. मुलं बघतच राहिली. रोमन अक्षरं तर त्यांना येत होती, इंग्रजीची अक्षरं तीच. मग हे काय? नुसती गवताची काडी मोडून टाकावी तशा रेघा. मला मात्र पाहताक्षणी ओळख पटली. अक्षरांची नव्हे, प्रकाराची. हे तर मोडी! दगडावर कोरायची ती ठाशीव अक्षरं वेगळी, आणि हात न उचलता झरझर लिहायची ती वेगळी. आपल्याकडे बाळबोध आणि मोडी, त्यांच्याकडे कोरीव लेखाची अक्षरं आणि ही घसटती लिपी. लॅटिन उत्तम येणाऱ्या माणसालाही ती शिकल्याखेरीज वाचता येत नाही. बाईंनी मला उभं करून हे मुलांना सांगायला लावलं. मी फळ्यावर मराठी 'क' काढला आणि मला येत होता तेवढा मोडीतला 'क' काढला. आपल्या आईला फळ्यापाशी पाहून आमचे चिरंजीव लाजून टेबलाखाली गेले.

मग पत्रांची भाषांतरं आली. बाईंनी मोठ्या कागदावर तीन रकाने आखले. आपल्याला काय दिसतं? त्यावरून काय वाटतं? अजून काय विचारायला हवं? बस्स, एवढंच. मोजे दिसतात. त्यावरून थंडी असावी असं वाटतं. कुणी पाठवले, आईनं की दुकानदारानं? ते माहीत नाही. 'माहीत नाही' असं लिहायला चक्क एक रकाना आहे, हे पाहून शेवटच्या टेबलावर जरा हालचाल झाली. एरवी त्या टेबलाचं सगळं उत्तर त्याच रकान्यात जायचं, आणि त्याला गुण नसायचे.

ऑक्टेवियस नावाचा एक माणूस कँडिडसला लिहितो: मी धान्य घेतलं आहे, ५०० दिनार ताबडतोब पाठव, नाहीतर इसाऱ्याचे सुमारे ३०० बुडतील. कातडी कॅटरिकला पडली आहेत, मीच जाऊन आणली असती, पण रस्ते खराब आहेत, जनावरांना इजा होईल. हा धंद्याचा माणूस, आणि पैशांची घाई. एक दलप्रमुख आपल्या वरिष्ठाला उद्याच्या कामाचे हुकूम विचारतो आणि शेवटी हळूच जोडतो की माणसांची बिअर संपली आहे, थोडी पाठवायला सांगावं. एका पत्रात सोलेम्निस हा पॅरिस नावाच्या मित्राला झाडतो: मी मजेत आहे, तूही असशील, अरे महाआळशा, एकही पत्र पाठवलं नाहीस. हे वाचून वर्ग खदखदून हसला.

आणि क्लॉडिया सेव्हेराचं ते प्रसिद्ध पत्र. एका छावणीच्या प्रमुखाची ही बायको. व्हिंडोलांडाचा प्रमुख फ्लेवियस सेरियालिस, त्याची बायको सल्पिसिया लेपिडिना. तिला हिनं ११ सप्टेंबरला आपल्या वाढदिवसाला बोलावलं आहे: तू आलीस तर दिवसाला खरी रंगत येईल. पत्राचा मुख्य भाग लेखनिकानं सुबक अक्षरात लिहिला आहे. शेवटच्या ओळी मात्र वेगळ्या, जरा अडखळत्या हाताच्या आहेत. त्या तिनं स्वतः लिहिल्या. बाईच्या हातच्या लॅटिन अक्षरांचा हा आजवर माहीत असलेल्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी एक. बाईंनी हे आधी सांगितलं नाही. छायाचित्र दिलं आणि विचारलं, काही वेगळं दिसतं का? 'अक्षर बदललंय' हे सगळ्यांत आधी आमच्या मुलाच्या लक्षात आलं. त्यानं बोटानं दाखवलं. वाचता येत नसलेला माणूस अक्षराचं वळण जास्त नीट पाहतो, असं मला तेव्हा वाटून गेलं.

एक गोष्ट बाईंनी मुद्दाम सांगितली, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची ती. व्हिंडोलांडाचे हे 'रोमन' रोमहून आलेलेच नव्हते. बटेव्हियन म्हणजे आजच्या नेदरलँड्समधल्या ऱ्हाइनच्या मुखाकडचे. टंग्रियन आजच्या बेल्जियमकडचे. लॅटिन ही त्यांची आईची भाषा नव्हे. ती त्यांनी नोकरीसाठी शिकलेली. पत्रांत चुका आहेत, खाडाखोड आहे. एका मसुद्यात सांगणारा म्हणाला 'एतियाम', म्हणजे 'सुद्धा'. लिहिणाऱ्यानं ऐकलं 'एत हियेम', म्हणजे 'आणि हिवाळा'. पत्र वादळांविषयीचं होतं, त्यामुळे हिवाळा काही विसंगत वाटला नसेल. मग चूक कळली, खोडलं आणि नीट लिहिलं. श्रुतलेखनात झालेली चूक, एकोणीसशे वर्षं जपून ठेवलेली! त्या रात्री जेवताना आमच्या मुलानं विचारलं, "आई, म्हणजे त्यांनापण येत नव्हतं?" मी म्हटलं, "येत होतं रे, पण शिकलेलं येत होतं." तो काही बोलला नाही. पोळी मात्र एक जास्त खाल्ली.

आणखी एक लाकूड आहे. एका जुन्या पत्राच्या मागे कुणीतरी व्हर्जिलच्या 'एनिइड' काव्याची एक ओळ लिहिली आहे. हा बहुधा लिहिण्याचा सराव, कदाचित प्रमुखाच्या मुलाचा. मुलं तिथे होती, हे छावणीच्या घरात सापडलेल्या लहान लहान जोड्यांवरून कळतंच. त्या ओळीनंतर दुसऱ्या हातानं 'सेग्न' अशी अक्षरं आहेत. 'सेग्नितेर', म्हणजे ढिसाळ काम, या शेऱ्याची ती सुरुवात असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. आपल्या बाईंचा लाल शेरा एवढा जुना आहे हे कळल्यावर मुलांना झालेला आनंद काय वर्णावा!

याच सुमारास, इ. स. ९५ च्या आसपास, तिकडे रोममध्ये क्विंटिलियन नावाचा एक नामवंत शिक्षक आपला ग्रंथ पुरा करत होता. मुलांना अक्षरओळख कशी करून द्यावी, हे त्यानं त्यात लिहिलं आहे. हस्तिदंती अक्षरं खेळायला द्यावीत; पाटीवर अक्षरं खोल कोरावीत, म्हणजे मुलाची लेखणी खाचेतून फिरेल आणि हात सरावेल; वाचनाची घाई करू नये; मारू तर मुळीच नये. आपल्याकडे धुळपाटीवर बोटानं अक्षर गिरवत, त्याचीच ही बहीण. (मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी तिथल्या गावठी शाळेतली वाळूत गिरवणारी मुलं पाहिली, ती पद्धत आपल्या शाळेत नेली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका छापली. पुढे इंग्लंडमधल्या हजारो गरीब मुलांनी वाळूच्या तबकात अक्षरं गिरवली. म्हणजे इंग्रजांच्या साक्षरतेत थोडी आपली धूळही आहे.) क्विंटिलियनचं आणखी एक सांगणं मला फार पटतं. गिरवायला म्हणून मुलांना ज्या ओळी द्यायच्या, त्या पोकळ नसाव्यात. अक्षर वळवायचं तर कोणतीही ओळ चालेल, हे त्याला मान्य नव्हतं.

त्या वर्गात गणितही याच लाकडांवर झालं. छावणीतल्या टंग्रियन पलटणीची एका दिवसाची हजेरी सापडली आहे. एकूण माणसं ७५२. त्यांपैकी बाहेरगावी कामावर ४५६. हजर राहिले २९६. हजर असलेल्यांतले आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. मग लढायला धड किती? २६५. मुलांनी हे रोमन आकड्यांत करून पाहिलं आणि शून्य नसलेली वजाबाकी किती छळते ते अनुभवलं. डोळे आलेल्यांचा वेगळा रकाना का, यावर वीस मिनिटं गेली. चुलीचा धूर, अशी एका मुलीची अटकळ. ती दुसऱ्या रकान्यात लिहिली गेली.

लॅटिनही थोडं आलं. बार्बरा बेल यांनी सात ते दहा वर्षांच्या मुलांसाठी 'मिनिमस' नावाचं पुस्तक लिहिलं आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या छापखान्यानं ते १९९९ मध्ये काढलं. त्यातलं कुटुंब म्हणजे हेच सेरियालिस आणि लेपिडिना, आणि मिनिमस हा त्यांच्या घरातला उंदीर. 'पोर्तो' म्हणजे मी वाहून नेतो. हे एक कळलं की इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल हे सगळे शब्द एका घरचे होतात. आपल्याला हे नवं नाही. 'कृ' धातू कळला की कृती, आकृती, प्रकृती, विकृती आपोआप रांगेत उभ्या राहतात. पण परभाषेतून आलेल्या मुलाला ही किल्ली सापडणं म्हणजे काय, ते मी घरात पाहिलं. त्यानं आठवडाभर घरातल्या प्रत्येक डब्यावरचं इंग्रजी फोडून पाहिलं.

आता लॅटिनविषयी माझ्या मनात जे आलं, तेही सांगते. ही भाषा एके काळी दारावरच्या पहारेकऱ्यासारखी होती. १८५५ मध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा सुरू झाली, तेव्हा ग्रीक आणि लॅटिनला प्रत्येकी ७५० गुण होते, संस्कृत आणि अरबीला प्रत्येकी ३७५. आपल्यावर राज्य करायला येणारा तरुण सीझर आणि टॅसिटस घोकून यायचा. याच टॅसिटसनं इ. स. ९८ च्या सुमारास आपल्या सासऱ्याचं, ब्रिटनचा सुभेदार अग्रिकोलाचं, चरित्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की सुभेदारानं ब्रिटिश सरदारांच्या मुलांना शिकवलं, ती लॅटिन बोलू लागली, टोगा घालू लागली, आणि ज्याला ते भोळे लोक सुधारणा म्हणत ते त्यांच्या गुलामीचंच एक अंग होतं. हे वाचून आलेल्या माणसांनी आपल्याकडे येऊन काय केलं, ते आपण जाणतोच. त्यांनी टॅसिटस वाचला नव्हता असं नाही. स्वतःला त्यातला ब्रिटन कधी समजले नाहीत, एवढंच.

वर्गात हे आलं ते अगदी वेगळ्या वाटेनं. एका टिपणात स्थानिक लोकांच्या लढण्याच्या रीतीवर शेरा आहे: अंगावर चिलखत नाही, घोडेस्वार पुष्कळ, पण तलवार वापरत नाहीत. आणि त्यांच्यासाठी शब्द आहे 'ब्रिटुंकुली'. म्हणजे ब्रिटन नव्हे, तर 'ही ब्रिटनं', 'ही बापुडी ब्रिटुरडी'. भाषांतर ऐकून एक गोरा मुलगा एकदम उसळला, "पण ते तर आपण!" तोवर तो दोन आठवडे पुठ्ठ्याची ढाल घेऊन रोमन सैनिक म्हणून मिरवत होता. बाईंनी त्याला विचारलं, मग तू कोणत्या बाजूला? त्याला सांगता येईना. वर्गात एक पाकिस्तानी मुलगी होती, एक पोलिश आजोबांचा नातू होता, आमचा होता. बाईंनी उत्तर दिलं नाही. प्रश्न तिसऱ्या रकान्यात लिहिला आणि कागद भिंतीवर टांगून ठेवला. मला हे धाडसाचं वाटलं. मी असते तर उत्तर देऊन टाकलं असतं.

सगळंच गोड होतं असं नाही. पत्रांत रमलेल्या मुलांना सनावळी येत नव्हती. सीझर आधी की हेड्रियन, हे अर्ध्या वर्गाला सांगता आलं नसतं. पत्रं म्हणजे सगळा इतिहास नव्हे. पत्र लिहिणारे विजेत्यांच्या बाजूचे. 'ब्रिटुरड्यां'नी लिहिलेलं एकही पत्र त्या चिखलात नाही. त्यांची बाजू कोण मांडणार, हे शिक्षकानं सांगावंच लागतं, नुसत्या तीन रकान्यांनी ते येत नाही. आणि बाई बदलल्या की वर्ग बदलतो. पुढच्या वर्षीच्या वर्गात पुन्हा विशेषणांना गोल सुरू झाले.

पण मला माझीच शाळा आठवत राहिली. चिपळूणच्या छावणीतल्या आपल्या माणसांना शिवाजी महाराजांनी पाठवलेलं पत्र आहे: वैरण जपून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, दिवा जळता ठेवाल तर उंदीर वात पळवून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील. हे पत्र मला ठाऊक होतं. चौथीच्या वर्गात वर्षभर शिवचरित्र शिकवताना मी ते एकदाही मुलांच्या हातात दिलं नाही. का नाही दिलं? परीक्षेत येत नव्हतं.

जूनमध्ये बाईंनी मुलांना पत्र लिहायला सांगितलं. खऱ्या माणसाला, रोमन पद्धतीनं: आधी लिहिणाऱ्याचं नाव, मग ज्याला लिहायचं त्याचं, मग नमस्कार. आपल्या 'शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष' सारखंच हे ठरीव. ठरीव असतं म्हणूनच नवख्याला सोपं जातं, पहिली ओळ शोधत बसावं लागत नाही. आमच्या मुलानं इंग्रजीत स्वतःहून लिहिलेलं पहिलं लिखाण म्हणजे हे पत्र. सात ओळी. महाडला आजोबांना. मी बरा आहे, तुम्हीही असाल अशी आशा आहे, हे महाआळशी माणसा, तू मला एकही पत्र पाठवलं नाहीस. इथे पाऊस आहे. मला आता टेबल बदलून दिलं आहे.

इंग्रजीत 'यू' एकच असल्यानं त्याला काही वाटलं नाही, पण मला घाम फुटला. माझे सासरे जुन्या वळणाचे, तलाठी म्हणून निवृत्त झालेले. घरात त्यांच्यासमोर कुणी मोठ्यानं बोलत नसे. मी खाली मराठीत सारवासारव केली, की हा शाळेतला पाठ आहे, गैरसमज नसावा, आणि पत्र टपालात टाकलं.

उत्तर यायला जुलैची अखेर उजाडली. शाळेचे शेवटचे दोन दिवस राहिले होते. पाकीट मुलानंच फोडलं. पत्र माझ्या पुतणीच्या हातचं होतं, तिच्या गोल गोल शाळकरी अक्षरात. आजोबांचा हात तेव्हा थरथरू लागला होता, ते सांगत आणि ती लिही. 'महाआळशी आजोबांकडून चिरंजीवास अनेक आशीर्वाद', अशी सुरुवात होती. खाली शेवटी दोन ओळी वेगळ्या होत्या. मुलानं लगेच बोट ठेवलं, "आई, अक्षर बदललंय."

त्या दोन ओळी मोडीत होत्या. माझं मोडीचं ज्ञान फळ्यावरच्या त्या 'क' पाशीच संपलं होतं. वर्गात ते पत्र ऑक्टेवियसच्या शेजारी दोन दिवस टांगलेलं होतं, न वाचता. पुढे सुट्टीत घरी आल्यावर एका मोडी जाणणाऱ्या स्नेह्यांनी ते वाचून दिलं. वरंध घाटात दरड आली आहे, रस्ता बंद आहे, सबब उत्तरास विलंब. तिकडे थंडी फार, पायांत मोजे घालीत जाणे.